ॲड्रिनलिनचे इंजेक्शन : केव्हा, कोठे व किती

कोरोनाची लस २०२१ साली आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली. टोचून झाल्यावर केंद्रावर अर्धा तास बसावे लागे आणि त्याचा कंटाळाही येई. तो अर्धा तास कशासाठी, हे मात्र थोड्यांनीच विचारले असेल. लस टोचणाऱ्या बाईंजवळ एक लहानशी पेटी ठेवलेली असे. तीत सुई-पिचकारी व काचेची एक कुपी असे आणि कुपीत ॲड्रिनलिन. क्वचित एखाद्यास लसीचे वावडे निघून प्राणाशी गाठ पडते. त्या घटकेस पहिले औषध हेच. या औषधाची माहिती सभासद कुटुंबांस असावी म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

वावडे पुष्कळांना असते. कोणास वांगे सोसत नाही, कोणास धूळ. त्याने अंग खाजते, शिंका येतात आणि तासाभरात सारे निवळते. आम्ही म्हणतो ते वावडे निराळे. केळीच्या बागेत किंवा जुन्या भिंतीच्या कपारीत गांधीलमाशी डसावी, पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे, लहान मुलाने शेंगदाणा खावा आणि काही मिनिटांतच अंगावर गांधी उठाव्यात, ओठ व जीभ सुजावी, आवाज घोगरा व्हावा, श्वासाला शीळ लागावी, ओकारी यावी, डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस खाली बसावा, असा हा प्रकार आहे. ही सर्व चिन्हे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. अंगावर एकही गांध नसताना रोगी कोसळल्याची उदाहरणे आहेत, आणि तेथेच घरच्यांची फसगत होते.

डॉक्टर यास अनॅफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव शार्ल रिशे व पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी १९०२ साली दिले. रिशे यांना पुढे १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा सोसलेले विष दुसऱ्या खेपेस अल्प मात्रेत दिले असता कुत्रा संरक्षित होण्याऐवजी मरतो, असे त्यांना आढळले होते. ॲड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे केले ते ताकामिने या जपानी रसायनज्ञाने, १९०१ च्या सुमारास. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून हाच रस आपल्या शरीरात सदैव पाझरत असतो.

या वावड्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब उतरतो, घसा सुजतो व श्वासनलिका आवळतात. ॲड्रिनलिन या सर्वांच्या नेमके उलट काम करते. आमच्या लोकांचा भरवसा मात्र एव्हिलच्या गोळीवर! ती गोळी खाज शमवील. पण मिटत चाललेला घसा ती उघडणार नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनालाही गुण येण्यास काही तास लागतात. ही औषधे मागाहून द्यावीत, त्यास हरकत नाही. पण त्यांच्या नादात पहिली दहा मिनिटे गेली तर ती परत मिळत नाहीत.

आता मात्रेचे. आपल्याकडील कुपीत एक मिलिलिटर औषध व त्यात एक मिलिग्रॅम ॲड्रिनलिन असते. वेष्टनावर कधी १:१००० असेही छापतात. प्रौढास यातले अर्धेच, म्हणजे ०.५ मिलिलिटर द्यावयाचे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास सुमारे ०.३ आणि त्याहून लहानास ०.१५. जागा मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यावर, स्नायूत. कुल्ल्यावर नाही व कातडीखालीही नाही, कारण तेथून औषध सावकाश चढते. शिरेत तर मुळीच नाही! हीच कुपी शिरेत एकदम गेल्यास हृदयाची गती बिघडून अनर्थ ओढवतो. शिरेतून देणे हे रुग्णालयातील तज्ज्ञांचे काम. गुण न आल्यास पाच मिनिटांनी दुसरी मात्रा देतात. टोचल्यावर छाती धडधडते, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो. हे औषधाचेच लक्षण असून थोड्या वेळात ओसरते. वृद्ध आहे, हृदयविकार आहे, म्हणून प्राणावर बेतलेले असता हे औषध नाकारू नये.

इंजेक्शन देणे डॉक्टरांचे, परिचारिकेचे किंवा शिकविलेल्या माणसाचे काम आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. परदेशांत रोग्याने स्वतः टोचून घ्यावयाचे तयार पेन मिळते. आपल्या नेहमीच्या दुकानांत ते सहजी मिळत नाही.

एक सावधगिरी. काय डसले ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील ॲड्रिनलिनसारखे रस आधीच उसळलेले असतात व हृदयावर भयंकर ताण पडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील अशा रोग्यांस प्राझोसिन हे त्या उसळीस आवरणारे औषध देऊन असंख्य जीव वाचविले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे काम प्रसिद्ध झाले. माशीच्या वावड्यात जे तारते, ते विंचवाच्या विषात आगीत तेल ठरावे! सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून करतात. तिचेही वावडे निघते, म्हणून ती देताना ॲड्रिनलिन पिचकारीत भरून जवळ ठेवण्याची रीत आहे.

घरच्यांनी काय करावे? रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर टेकून बसवावे. ओकारी होत असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. बरे वाटते म्हणून त्यास उठवून चालवू नये. एकाएकी उभे केल्याने रोगी दगावल्याचे अनुभव आहेत. मधमाशीचा काटा रुतला असेल तर तत्काळ खरवडून काढावा. १०८ ला फोन करावा, आणि दवाखान्यात पोचताच, ‘हे वावडे दिसते, ॲड्रिनलिन द्यावे लागेल का?’ असे स्पष्ट विचारावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. उतार पडला तरी रोग्यास काही तास तेथेच ठेवावे, कारण कित्येकदा दुसरा झटका पुढे येतो.

ट्रस्टच्या सहलीस किंवा भंडाऱ्यास जवळच्या कोणत्या दवाखान्यात ही कुपी आहे, याची चौकशी व्यवस्थापकांनी आधीच करून ठेवावी. कुपी स्वस्त आहे, पण नाजूक आहे. आपल्या बऱ्हाणपूरच्या वैशाखात ती गाडीच्या खणात ठेवू नये, बर्फातही घालू नये. उजेडापासून दूर, थंड जागी ठेवावी. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसले अथवा मुदत संपली की टाकून द्यावे. ज्यास असा झटका एकदा येऊन गेला आहे त्याने वावड्याचे नाव व चालू गोळ्या एका चिठ्ठीवर लिहून ती खिशात बाळगावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ॲड्रिनलिनचा जोर कमी पडतो. तेव्हा त्यांची नावे चिठ्ठीत अवश्य असावीत.