लवचीक अंगास लवचीक रंग

लोखंडी दारास रंग देणें आणि जी वस्तु वाकते तिला रंग देणें, हीं दोन कामें दिसण्यांत सारखीं असलीं तरी तत्त्वतः भिन्न आहेत. हा भेद समजण्यास अमेरिकेंतील कॉर्व्हेट या जुन्या स्पोर्ट्स मोटारीचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें.

ही गाडी शेव्हरोले कंपनीनें १९५३ सालीं प्रथम काढली. तिचें अंग पत्र्याचें नसून फायबरग्लासचें असे. बंपर मात्र पुष्कळ वर्षें क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचे होते. पुढें अमेरिकन सरकारनें नियम केला कीं, १ सप्टेंबर १९७२ पासून बनणाऱ्या मोटारींस समोरून ताशी ५ मैल वेगानें धक्का बसला तरी त्यांचे दिवे व इतर सुरक्षेचीं साधनें शाबूत राहावीं. म्हणून १९७३ च्या कॉर्व्हेटला पुढील बाजूस, आणि १९७४ पासून मागील बाजूसही, युरेथेन या लवचीक द्रव्याचें आवरण बसविण्यांत आलें व त्यास गाडीचाच रंग देण्यांत आला.

अडचण उत्पन्न झाली ती येथें. हलका धक्का बसतांच हें आवरण आंत दबतें व पुनः पूर्ववत् होतें. परंतु त्यावरील रंगाचा पापुद्रा कठीण असेल तर त्यास ताण सोसत नाहीं, आणि तो तडकतो. असें कां व्हावें? असलें रोगण घट्ट होतें तेव्हां त्याचे लांब रेणु एकमेकांस जागोजागीं जोडले जातात. हे सांधे दाट असले तर पापुद्रा कठीण होतो. विरळ असले तर रेणूंस हालण्यास अवकाश राहतो. जर्मनींत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं पॉलियुरेथेन शोधून काढलें. त्याच कुळांतून गादीचा मऊ फोम, रबरासारखें आवरण आणि काचेसारखें चकाकणारें रोगण, हीं तिन्ही बनूं शकतात. लवचीक भागाच्या रोगणांत जें मृदुकारक द्रव्य मिसळतात, त्याचा हेतु पापुद्र्यास ताण सोसण्याची शक्ति देणें हाच असतो.

आतां कामाचा क्रम पाहूं. आरंभीं आवरणाची परीक्षा करावी. उन्हानें तें कडक होऊन भेगाळलें असेल, तर त्यावर रंग देणें म्हणजे जुन्या बुधल्यांत नवा द्राक्षारस घालण्यासारखेंच होय. तेथें नवें आवरणच आणावें. आवरण धडधाकट असल्यास तें साबणपाण्यानें धुवावें आणि मेण व तेलकटपणा काढणाऱ्या द्रवानें पुसावें. हें घासण्यापूर्वींच केलें पाहिजे, नाहीं तर मेण खरवड्यांत दडून बसतें. जुना रंग काचकागदानें उतरवावा. तीव्र रंगनाशक लावल्यास युरेथेनच खराब होतें. मग लवचीक अस्तर, त्यावर रंगाचे पातळ थर व शेवटीं मृदुकारक मिसळलेलें पारदर्शक रोगण द्यावें. प्रत्येक थरांतील द्रव उडून जाण्यास अवधि दिलाच पाहिजे.

रंगछटा जुळविणें त्याहून नाजूक. धातूची चमक असलेल्या रंगांत सूक्ष्म कण असतात; ते आडवे बसले तर छटा एक दिसते, तिरपे बसले तर दुसरी. यास्तव स्प्रे गनचें अंतर व हवेचा दाब दोन्ही ठिकाणीं सारखा ठेवावा, आणि आधीं पुठ्ठ्यावर नमुना काढून तो दिवसाच्या उजेडांत पाहावा.

एक गोष्ट मात्र रंगापेक्षां मोलाची आहे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रोगणांतील हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या धुक्यानें कारागिरास कायमचा दमा जडूं शकतो. आणि घातक प्रमाण झाल्याचें वासावरून कळतही नाहीं. तोंडास फडकें बांधून त्यापासून रक्षण होत नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. ज्यांचे मुलगे रंगशाळेंत काम शिकण्यास जाणार असतील, त्या पालकांनीं मजुरीचें बोलणें करण्यापूर्वीं अशा मुखवट्याची चौकशी करावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पाहणारा वरच्या चकाकीची स्तुति करतो. ती टिकते मात्र खालीं केलेल्या स्वच्छतेवर, अंग ओळखून निवडलेल्या द्रव्यावर आणि दोन थरांमध्यें धरलेल्या धीरावर. तें काम करणाऱ्याचा श्वासही तितक्याच काळजीनें राखला, तरच त्यास उत्तम कारागिरी म्हणावें.