माइकवरची भीड

२५ जानेवारी १९९०ची रात्र. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ बोगोटाहून मेदेयीनमार्गे न्यूयॉर्कजवळ पोहोचलं, तेव्हा केनेडी विमानतळावर हवा बिघडली होती आणि वर विमानांची रांग लागली होती. या फ्लाइट ५२ला वाटेत तीन ठिकाणी घिरट्या घालायला लावलं. एकूण १ तास १७ मिनिटं. तिसऱ्या ठिकाणी को-पायलटनं कंट्रोलरला सांगितलं, की आम्हाला प्राधान्य हवंय, फार तर पाच मिनिटं थांबता येईल, आणि पर्यायी विमानतळ म्हणून ठरलेल्या बोस्टनपर्यंत आता इंधन पुरणार नाही. कंट्रोलरनं विमान पुढच्या कंट्रोलरकडे सोपवलं. इंधनाची अडचण मात्र त्या सोपवण्यात मागेच राहिली.

उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टननं स्पॅनिशमध्ये सांगितलं, ‘आपण इमर्जन्सीत आहोत असं सांग त्यांना.’ को-पायलटनं रेडिओवर कळवलं, की पुन्हा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत आलंय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द काही निघाला नाही. सांगितलंस का, असं कॅप्टननं विचारल्यावर त्यानं होकार दिला. कंट्रोलर म्हणाला, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? त्यावर को-पायलटचं उत्तर होतं, ‘चालेल बहुतेक, थँक यू व्हेरी मच.’ कॉकपिटमध्ये चौकशी झाली, तो काय म्हणाला? फ्लाइट इंजिनीअरनं आपला अंदाज सांगितला: तो चिडलाय.

थोड्याच वेळात इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात टेकडीवर कोसळलं. १५८ जणांपैकी ७३ गेले. आग लागली नाही, कारण जळायला टाकीत काही उरलंच नव्हतं.

हे संभाषण उड्डाण प्रशिक्षणात शिकवलं जातं आणि ते ऐकताना मराठी माणसाला काहीतरी फार ओळखीचं वाटतं. कामात बुडालेल्या माणसाला त्रास देऊ नये, समोरचा वैतागलेला दिसला तर आपलं दुखणं जरा मवाळ करून सांगावं, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारू नये. घरात आणि कचेरीत याला शहाणपणाची वागणूक म्हणतात. भीड भिकेची बहीण हे आपल्याला तोंडपाठ असतं, तरी भीड सुटत नाही. रेडिओवर मात्र नेमकी हीच सभ्यता माणसं मारते. तिथले रीतिरिवाज उलटे आहेत, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक रिवाज कुठल्या तरी अपघातानंतर घट्ट झालेला आहे.

आधी यंत्राची मर्यादा समजून घ्यायला हवी. विमान आणि टॉवर यांच्यातलं बोलणं एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि तिथे एका वेळी एकानंच बोलायचं असतं. फोनवर दोघं एकदम बोलले तरी काहीबाही कळतं. इथे दोघांनी एकदम बटण दाबलं, तर ऐकणाऱ्याला कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो आणि बोलणाऱ्या दोघांनाही कळत नाही, की आपलं बोलणं पोहोचलेलं नाही.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळावर हेच घडलं. शेजारच्या लास पाल्मास विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवली होती. त्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅमची दोन जंबो होती. दाट धुकं. केएलएमचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं, पॅन अ‍ॅमचं त्याच धावपट्टीवरून हळूहळू येत होतं. केएलएमच्या को-पायलटनं उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत.’ म्हणजे टेकऑफसाठी तयार, की धावायला सुरुवात झाली? कंट्रोलरनं पहिला अर्थ घेतला आणि ‘ओके’ म्हणाला. जराशा विरामानंतर त्यानं ‘थांबा, मी सांगतो’ असं पुढे म्हटलं. पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिक घाईघाईनं सांगत होता, की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट ऐकू आलं आणि पाठोपाठ तीनेक सेकंदांची शिट्टी.

तरीही एका माणसाला शंका आली होती. ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं फ्लाइट इंजिनीअरनं विचारलं. कॅप्टननं ठामपणे सांगितलं, झालंय. कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन व्हान झांटेन हे केएलएमचे प्रशिक्षणप्रमुख, कंपनीच्या जाहिरातीत ज्यांचा फोटो छापला जाई असे. त्यांच्यापुढे प्रश्न दुसऱ्यांदा उच्चारला गेला नाही. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला याहून मोठा अपघात आजवर झालेला नाही.

यानंतर नियम झाला, की ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. आणि सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. त्यात होकार नाही आणि करतो असंही नाही. धावपट्टीचा क्रमांक, उंची, दिशा, वेग, अल्टिमीटरचं सेटिंग, ट्रान्सपाँडरचा कोड, धावपट्टीत शिरण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्याआधी थांबण्याची सूचना हे सगळं वैमानिकानं स्वतःच्या कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह, परत म्हणायचं आणि कंट्रोलरनं ते कान देऊन ऐकायचं. या परत म्हणण्याची, म्हणजे रीडबॅकची, जबाबदारी अशी दोघांच्या गळ्यात आहे. प्रशिक्षणात पहिल्या अर्ध्यावर भर असतो, दुसऱ्या अर्ध्याकडे कानाडोळा होतो, हा जुना दोष आहे.

त्याचं उदाहरण १९ फेब्रुवारी १९८९चं. सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालेल्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू जंबोला कंट्रोलरनं उतरण्यासाठी उंची दिली: ‘टू फोर झीरो झीरो’, म्हणजे २,४०० फूट. वैमानिकानं सुरुवातीचा ‘टू’ हा आकडा न मानता ‘पर्यंत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मानला आणि उत्तर दिलं, ‘ओके, फोर झीरो झीरो.’ चारशे फूट! चूक त्या उत्तरात उघडी पडली होती. कंट्रोलरनं ती पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि त्यातले चारही जण ठार झाले. ‘दोन हजार चारशे फूट’ असं हजार-शेकड्यात म्हणायचा आग्रह काहींना कंटाळवाणा वाटतो. त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’ म्हणायची पद्धतही अशाच ऐकण्याच्या घोळातून आलेली आहे. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा जास्त नसावा असंही आंतरराष्ट्रीय नियमावलीत लिहिलेलं आहे. गर्दीच्या वेळी ते कितपत पाळलं जातं, हे कोणत्याही वैमानिकाला विचारावं.

रीडबॅक शब्दशः बरोबर असूनही गफलत होते, हे २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. आदल्या दिवशी नोतो भागात भूकंप झाला होता आणि जपानच्या तटरक्षक दलाचं छोटं विमान मदतसाहित्य घेऊन निघालं होतं. टॉवरनं सांगितलं: तुम्ही नंबर वन, ‘सी ५’ या थांब्यापर्यंत या. विमानातून उत्तरही तसंच गेलं, थांब्याच्या नावासकट आणि वर ‘थँक यू’सकट. पण घाईत असलेल्या कॅप्टनच्या मनात ‘नंबर वन’चा अर्थ ‘धावपट्टी आपली’ असा झाला. विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं आणि जपान एअरलाइन्सचं एअरबस ए ३५० त्याच्यावर उतरलं. एअरबसमधले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण गेले. त्यानंतर जपानमध्ये ‘नंबर वन’ असा क्रम सांगणं काही काळ बंद केलं गेलं. खरं तर हा क्रम सांगणं म्हणजे कंट्रोलरची माणुसकी होती. ताटकळलेल्या वैमानिकाला दिलासा. माणुसकीही इथे मोजूनमापून द्यावी लागते.

आपल्याकडचा दाखला १२ नोव्हेंबर १९९६चा. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो १४,००० फुटांवर होतं, समोरून दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. कंट्रोलरनं समोर जंबो आहे, किती मैलांवर आहे, हेही सांगितलं. इल्युशिनवर रेडिओ सांभाळायला वेगळा माणूस होता. इंग्रजी तो बोलायचा, विमान दुसरे चालवायचे, आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतःचं उपकरणही नव्हतं. त्यानं सूचना घेतली. विमान मात्र पंधरा हजारांच्या खाली उतरत राहिलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानांतले ३४९ जण पडले. हवेतल्या टकरीत इतके बळी आधी किंवा नंतर कधीच गेलेले नाहीत. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं उपकरण सक्तीचं झालं. कॉकपिटपुरता धडा असा, की रेडिओवर आलेला आकडा एकानं घेतला तरी दोघांनी ऐकलेला असावा, तो उपकरणावर लावून एकमेकांना बोटानं दाखवावा, आणि दोघांच्या ऐकण्यात फरक पडला तर आपसात तडजोड न करता टॉवरला पुन्हा विचारावं.

चांगलं बोलणं कसं असतं, तेही ऐकण्यासारखं आहे. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबसवर पक्षी आदळले आणि दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ‘मेडे’ ही संकटाची हाक देऊन काय झालं आणि आपण कुठे वळतोय एवढंच सांगितलं. त्या धांदलीत त्यांनी स्वतःचा कॉलसाइन चुकीचा सांगितला, कंट्रोलरनंही वेगळाच चुकीचा उच्चारला. काही बिघडलं नाही, कारण मजकूर स्वच्छ होता. कंट्रोलरनं धावपट्टी देऊ केली तेव्हा उत्तर आलं, ‘अनेबल.’ जमणार नाही. कारणं नाहीत, दिलगिरी नाही. मग, आम्ही कदाचित हडसन नदीत उतरू. १५५ जण वाचले. आव्हियांकाच्या ‘चालेल बहुतेक’शेजारी हा एक शब्द ठेवून पाहावा.

विमानोड्डाणाचं शिक्षण घेणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या आता बरीच आहे, आणि रेडिओ परवान्याची परीक्षा ही त्यांची नेहमीची धास्ती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाल्यापासून ती दूरसंचार विभागाकडून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) आली. परीक्षेसाठी वाक्यं घोकली जातात. सवयी मात्र वेगळ्या लावून घ्याव्या लागतात. फ्रिक्वेन्सी बदलली की लगेच बटण दाबू नये, आधी ऐकावं; कदाचित कोणाचा तरी रीडबॅक बाकी असेल. कोणाला बोलावतोय, आपण कोण, कुठे आहोत, काय हवंय, हे मनात जुळवून मगच तोंड उघडावं. लांबलचक सूचना लिहून घ्यावी. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा. ती परवानगी नव्हे, नकारही नव्हे. आपल्यासारख्याच कॉलसाइनचं दुसरं विमान फ्रिक्वेन्सीवर असेल तर प्रत्येक सूचना आपलीच आहे का, हे पुन्हा तपासावं. इंधनाची अडचण असेल तर आता त्यासाठी ठरलेले शब्द आहेत: आणखी उशीर परवडणार नाही तर ‘मिनिमम फ्युएल’, राखीव साठ्यालाच हात लागणार असेल तर ‘मेडे फ्युएल’. ‘प्रायॉरिटी’ या शब्दावर विसंबू नये.

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या तासाला तिच्यावर चाळीसहून अधिक विमानं चढतात-उतरतात. तिथल्या फ्रिक्वेन्सीवर ‘नमस्कार’ ऐकू येतो आणि तो गोडही वाटतो, पण पंधरा विमानं रांगेत असताना त्यालाही वेळ लागतो. अशा गर्दीत नवशिक्याला ‘से अगेन’ म्हणायची लाज वाटते. आजूबाजूची सगळी विमानं ऐकत असतात, कंट्रोलरचा आवाज कधीकधी खरोखरच चिडका असतो. उड्डाण शाळांतल्या प्रशिक्षकांना आणि टॉवरमधल्या ज्येष्ठांना म्हणूनच विनंती: विद्यार्थ्यानं ‘पुन्हा सांगा’ म्हटलं तर त्याचे गुण कापू नका, त्याच्यावर खेकसू नका, आणि अर्धवट ऐकून ‘ओके’ म्हणणाऱ्याला तेवढ्यावर सोडू नका.