धुऱ्यावरील बाभूळ : लाकूडउत्पन्नाची पाळी कशी बसवावी

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या मार्गावर दुसरबीड हे गाव लागते. या बाजूस कापूस, सोयाबीन व तूर ही कोरडवाहू पिके प्रमुख असून जमीन कोठे काळी व खोल, तर कोठे हलकी व मुरमाड आहे. अशा मुलखात लाकडाचा धंदा म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे साग येतो. परंतु सागास निचऱ्याची जमीन मानवते. चिबड काळ्या जमिनीत तो खुरटतो. त्याच काळ्या जमिनीत बाभूळ मात्र कोणी न लावता उगवते व वाढते. न लावता उगवते म्हणूनच तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही, आणि नुकसान होते ते तेथेच.

हे नुकसान नेहमी एकाच रीतीने होते. पाऊस हुकतो, बियाण्याचे देणे थकते, मुलीचे लग्न तोंडावर येते. व्यापारी वावरात येऊन धुऱ्यावरून एक फेरी मारतो आणि सर्व झाडे उक्ती मागतो. वीस वर्षांची वाढ एका दुपारी जाते. पुढे त्या धुऱ्यावर काही लावले जात नाही. आणि बाभळीच्या खोडास तोडणीनंतर फूट फारशी येत नसल्यामुळे धुरा उघडा तो उघडाच राहतो. गरजेच्या वेळी झाड विकू नये, असे सांगणे व्यर्थ आहे. झाड हे गरजेसाठीच असते. प्रश्न एवढाच की, पुढची गरज येईल तेव्हा धुऱ्यावर काही उभे असेल काय?

वऱ्हाडास ही विद्या नवी नाही. इंग्रजी अमदानीत येथील नदीनाल्यांकाठच्या काळ्या जमिनीवर बाभुळबने राखलेली होती. बनाचा एक तुकडा तोडावयाचा, तो काही वर्षे शेतकऱ्यास पिकासाठी द्यावयाचा आणि पिकाच्या ओळींमधून बाभळीचे बी पेरावयाचे, अशी तेथील रीत असे. पिकास दिलेल्या डवरणीचा लाभ रोपांसही मिळे. तोड आणि पेर ही एकाच कामाची दोन अंगे मानली जात, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

हाच हिशेब फार मोठ्या प्रमाणावर दक्षिण आफ्रिकेत पाहावयास मिळतो. तेथील नाताळ प्रांतात १८६४ साली ऑस्ट्रेलियातून ब्लॅक वॉटल या झाडाचे बी आले. हे झाड आपल्या बाभळीच्या नात्यातले आहे. त्याची साल कातडी कमावण्यास जाते, तर लाकूड कागदाच्या लगद्यास व कोळशास उपयोगी पडते. झाड सुमारे दहा वर्षांत तोडणीस येते; म्हणून मळ्याचे तितके भाग पाडून दर वर्षी एकच भाग तोडावयाचा व लगेच पुन्हा लावावयाचा, म्हणजे उत्पन्न खंडत नाही. त्या देशाकडून सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. हे झाड मळ्याबाहेर ओढ्यानाल्यांत पसरून पाणी शोषू लागले. पुढे १९९८ च्या जलकायद्याने व्यापारी वृक्षलागवडीस परवान्याचे बंधन घातले, कारण अशा लागवडीने ओढ्यांचे पाणी घटते. आपल्याकडे वेडी बाभूळ अशीच पसरली आहे. नाव बाभळीचे असले तरी ती मूळची अमेरिकेतील, निराळी वनस्पती आहे. तिचे बी चुकूनही धुऱ्यावर आणू नये.

आता दुसरबीडसारख्या गावी हे कसे जमवावे ते पाहू. एक हेक्टर चौरस वावराच्या चारही धुऱ्यांची लांबी ४०० मीटर भरते. शेतीच्या अवजारांस व इंधनास योग्य अशा बाभळीस सुमारे वीस वर्षे लागतात. एक धुरा पहिल्या वर्षी, दुसरा सहाव्या, तिसरा अकराव्या व चौथा सोळाव्या वर्षी पेरावा. १०० मीटरच्या धुऱ्यावर अडीच मीटरवर एक याप्रमाणे ४० झाडे राखावीत. आठव्या वर्षी एकाआड एक काढून सरपण व बल्ल्या घ्याव्यात. उरलेली २० झाडे पाच मीटरवर उभी राहतील. एकविसाव्या वर्षी पहिला धुरा तोडून त्याच पावसाळ्यात पेरावा. त्यापुढे दर पाच वर्षांनी २० झाडे मिळत राहतात.

वीस झाडांसाठी चांगला व्यापारी येत नाही, ही अडचण खरी आहे. तिला उपाय असा : पाच शेजाऱ्यांनी एकेक वर्षाच्या अंतराने पेरणी सुरू करावी. म्हणजे पुढे दर वर्षी कोणाचा ना कोणाचा धुरा तोडणीस येतो आणि व्यापारी ठरलेल्या महिन्यात त्या शिवारात येऊ लागतो. ग्रामकार्यकर्त्यांनी अशा पाच जणांना एकत्र बसविले तर या कामाचा निम्मा भार हलका होईल. ज्यांच्या धुऱ्यावर आज झाडे आहेत त्यांना वीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. त्यांनी सर्व झाडांचा घेर मोजून यादी करावी आणि सर्वांत जाड अशी चौथाई झाडेच पहिल्या पाच वर्षांत काढावीत.

जातीची निवड महत्त्वाची आहे. रामकाठी बाभूळ खराट्यासारखी सरळ वाढते, तिची सावली अरुंद पडते. धुऱ्यास तीच उत्तम. तेल्या बाभळीचे लाकूड चांगले असते, पण तिचा विस्तार मोठा. उन्हाळ्यात पिकलेल्या शेंगांचे बी घ्यावे. पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, त्यात बी टाकून एक दिवस भिजत ठेवावे. शेळ्यांच्या लेंड्यांतून मिळालेले बीही चांगले उगवते. पाऊस स्थिरावताच जागेवरच दोन-तीन सेंटीमीटर खोल टोबावे, कारण सोटमूळ लवकर खोल जाते. पहिली दोन वर्षे तण काढणे व शेळ्यांपासून राखण करणे यांत हयगय करू नये. सावलीत बाभूळ वाढत नाही.

झाडालगतच्या एकदोन तासांत पीक कमी येते, हे लपविण्यात अर्थ नाही. पिकाच्या बाजूने दर दोन-तीन वर्षांनी अरुंद चर खोदून मुळ्या तोडाव्यात. उत्तरेकडील धुऱ्याची सावली हिवाळ्यात शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पडते. सामाईक धुरा असेल तर झाडांची वाटणी आधी लिहून ठेवावी. (धुऱ्याची भांडणे झाडापेक्षा अधिक वर्षे टिकतात.)

विक्रीपूर्वी मोजणी शेतकऱ्याने स्वतः करावी. ओंडक्याच्या मध्यभागी दोरीने घेर घ्यावा. व्यापारात घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्यास लांबीने गुणण्याची रीत आहे. घेर ८० सेंटीमीटर व लांबी २ मीटर असल्यास या रीतीने ०.०८ घनमीटर येतात. प्रत्यक्षात लाकूड ०.१०२ घनमीटर असते. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक लाकूड हिशेबाबाहेर राहते. ही रीत मान्य करावयाची तर दर त्या मानाने वाढवून मागावा. घेर बारीक टोकाशी घेतला जात असेल, तर तोटा आणखी वाढतो.

बैलगाड्या कमी झाल्याने चाकांसाठी पूर्वीइतकी मागणी राहिलेली नाही. तरी वखर, डवरे, दांडे, सरपण व कोळसा यांसाठी बाभूळ खपते. शेंगा शेळ्यांस चालतात, आणि डिंक वेगळा. झाडांची नोंद सात-बारावर करून घ्यावी; २०२१ पासून ई-पीक पाहणीत धुऱ्यावरील झाडेही नोंदविता येतात. साग, मोह, आंबा, चिंच यांसारख्या झाडांच्या तोडीस १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. बाभळीच्या तोडीपूर्वी व वाहतुकीपूर्वीही वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करावी, आणि ती व्यापाऱ्याकडून इसार घेण्याआधी करावी.