सभा उठल्यावरची प्रार्थना

अकोला-अमरावतीच्या मंडळ्यांमध्ये अलीकडे ‘सुटकेची सभा’ हे शब्द वारंवार कानावर येतात. नवऱ्याची दारू सुटावी, पोराला काम लागावं, सोयाबीन हातचं गेलं आणि डोक्यावर कर्ज राहिलं त्यातून वाट निघावी, घरातल्या सुनेचं ‘बाहेरचं’ उतरावं, म्हणून मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूरकडची माणसं गाडी करून या सभांना जातात. त्यांची तळमळ खरी आहे. देवानं आपल्याला मोकळं करावं असं वाटण्यात काहीच गैर नाही, आणि सभेत रडून मन हलकं झालेल्या माणसाला नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण या मंडळ्यांत वावरून, जवळून पाहून माझं मत पक्कं झालं आहे. सभेत मिळालेली मोकळीक रोजच्या प्रार्थनेवाचून टिकत नाही, आणि ज्या घरात रोजची प्रार्थना नाही तिथं ती सभाच पुढं एक बंधन होऊन बसते. लेकराला ताप आला की आधी प्रार्थना करणाऱ्या ब्रदरांना फोन जातो, आईनं स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोलण्याचं राहून जातं. फळीवर मंतरल्यासारखी जपलेली खोबरेल तेलाची बाटली दिसते, ती संपली की दुसरी येते, आणि तिच्या शेजारच्या पवित्र शास्त्राची पानं मात्र लग्नात भेट मिळाली तेव्हासारखीच कोरी करकरीत राहतात.

पंडिता रमाबाईंचा दाखला आपल्या सभांतून नेहमी दिला जातो, पण तो बहुतेक वेळा अर्धाच असतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जून महिन्यात जे आत्मिक जागरण झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. रमाबाईंनी तेव्हा आपल्या मुलींपुढं जागरणाची गरज मांडली आणि रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असं विचारलं. सुमारे सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला आणि त्या दिवसातून दोनदा जमत होत्या. त्यांच्यात १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या मध्य प्रांतातून आणलेल्या मुलीही होत्या. म्हणजे जूनच्या त्या दिवसामागं महिनोन्‌महिने रोज टेकलेले गुडघे होते. आणि त्यानंतर काय? रमाबाईंनी तोच दिवस पुन्हा पुन्हा घडवून आणायचा खटाटोप केला नाही. मुलींच्या टोळ्या गावोगाव शुभवर्तमान सांगायला गेल्या, आणि बाई स्वतः हिब्रू-ग्रीक घेऊन बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या. १९२२मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही. त्यांची साक्षही लक्षात घेण्याजोगी आहे. बाप्तिस्मा १८८३चा, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे उमगायला आठेक वर्षं गेली, असं त्या स्वतःच सांगतात. एवढ्या विदुषीला जिथं वर्षं लागली, तिथं शुक्रवारच्या एका सभेत सगळं उरकेल अशी आशा आपण साध्याभोळ्या माणसांना का दाखवतो?

यावर लगेच विचारलं जातं, की प्रभू येशूनं भुतं काढली, तुम्ही ते नाकारता काय? मी नाकारत नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमला संध्याकाळी दाराशी अख्खं गाव लोटतं आणि प्रभू अनेकांना मोकळं करतो. पण तिथंच पुढं वाचावं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे, अजून अंधार असताना, तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. लोक त्याला शोधत येतात, तरी तो त्या गर्दीकडं परत न वळता पुढच्या गावांची वाट धरतो. नवव्या अध्यायात शिष्यांना एका मुलाला बरं करता येत नाही. त्याचं कारण विचारल्यावर प्रभू त्यांच्या हाती कुठला नवा उपाय देत नाही, प्रार्थनेकडंच बोट दाखवतो. आणि लूकच्या अकराव्या अध्यायातला दाखला तर आपल्यासाठीच सांगितल्यासारखा आहे. अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडूनपुसून ठेवलेलं असतं, आणि तो आणखी सात जणांना घेऊन परत येतो. घर झाडायला एक संध्याकाळ पुरते. त्यात राहतं कोण, हे रोजच्या रोज ठरत असतं.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा असतो. ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या शब्दांची प्रार्थना यांत्रिक होते, आत्मा चालवील तसं चालावं, असं म्हणतात. पोपटपंचीविरुद्ध प्रभूनं इशारा दिला आहे, हे खरं. पण तो इशारा दिल्यावर लगेच त्यानं शिष्यांना नेमके शब्द शिकवले. दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकी. दिदाखे हा मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला ग्रंथ प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगतो. आणि आपल्या मातीत तर ठरल्या वेळेला बसण्याचं वळण आहेच. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावागावांत नेली. दिवस मावळला की कामावरून आलेली माणसं तिला शांतपणे बसतात, हे आपण शेजारी म्हणून पाहत आलो आहोत. त्यांची वाट वेगळी आहे, पण मन लागेल तेव्हा बसू म्हणणाऱ्याचं बसणं होत नाही, हे त्यांना कळलं आणि आपण विसरलो. ना. वा. टिळकांची गीतं आपल्या ‘उपासना संगीता’त आहेत. ती संध्याकाळी घरात म्हणण्याचा रिवाज जुन्या कुटुंबांत होता. तो मोडला, आणि त्याची भरपाई मोठ्या स्पीकरनं होणार नाही.

वेळ कुठं आहे, ही अडचण मात्र मी खरी मानतो. कापूस वेचायला जाणारी बाई उजाडायच्या आत स्वयंपाक उरकते, अकोल्यात नळ येण्याचा दिवस असला की घरादाराचं लक्ष पाण्याकडं असतं, आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारी डोकं काम करत नाही. म्हणून मी तासाची प्रार्थना सांगत नाही. उठल्यावर तोंड धुऊन, मोबाईल हातात घेण्याआधी, एक स्तोत्र मोठ्यानं वाचावं. मग प्रभूची प्रार्थना, घाई न करता. मग ज्या गोष्टीतून सुटका हवी तिचं नाव घ्यावं, स्पष्ट घ्यावं: दारू, राग, कर्जाची भीती, जावेबद्दलचा आकस. रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक गीत म्हणावं, आणि ज्याच्याशी दिवसभरात वाजलं असेल त्याची क्षमा तिथंच मागावी. कॅथॉलिक घरांत जपमाळ असेल तर तिचं एक दशकही चालेल. मन लागलं नाही तरी बसावं. पाठ व्हायला वेळ लागतो, आणि पाठ झालेलंच दवाखान्याच्या बाकावर आठवतं.

दवाखान्याचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. रात्रभर झोप नाही, कानात आवाज येतात, अन्न सुटलं, जीव द्यावासा वाटतो, अशा माणसाला अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला घेऊन जावं, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोलावं, आणि सोबत प्रार्थनाही करावी. डॉक्टरकडं जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं जो सांगतो त्याच्यापासून दूर राहावं. कॅथॉलिक मंडळीचा कायदाही इथं सावध आहे: बिशपांची खास परवानगी असल्याशिवाय कुणा याजकाला भूतबाधा काढण्याचा विधी करता येत नाही, आणि आधी तो आजार तर नाही ना हे पाहावं लागतं. भूत काढण्याच्या नावाखाली कुणाला मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे कृत्य करणाऱ्याच्या हातात बायबल असलं म्हणून त्यात फरक पडत नाही. साध्या प्रार्थनेला आणि उपासनेला तो कायदा हात लावत नाही, तेव्हा त्याची भीती प्रामाणिक पाळकांनी बाळगू नये.

आणि रोज प्रार्थना करूनही काटा निघाला नाही तर? पौलाचाही निघाला नव्हता. त्यानं तीनदा विनवणी केली, कृपा मिळाली, काटा राहिला, आणि तरी त्याच्याइतका मोकळा माणूस नव्या करारात शोधून सापडणार नाही. म्हणून एखाद्याची सुटका झाली की नाही हे आजार गेला का, यावरून मोजू नये. तो एकटा असताना, कुणी चालवणारं नसताना, देवाशी बोलू लागला आहे का ते पाहावं. सभा घेणाऱ्यांकडूनही हेच मागावं. पुढच्या सभेची तारीख जाहीर करण्याआधी त्यांनी मागच्या सभेला आलेल्या माणसांच्या घरी जावं, चटईवर बसावं, आणि स्वतः प्रार्थना न करता त्या घरातल्या बाईला करायला सांगावी. ती अडखळली तर थांबावं, तिच्यासाठी वाक्य पुरं करू नये.