अज्ञान मुलांची कमाई

मुलाच्या नावे असलेला जमिनीचा तुकडा विकावयाचा झाल्यास जन्मदात्या बापालाही १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यान्वये न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि व्यवहार मुलाच्या हिताचा आहे अशी न्यायाधीशांची खातरजमा झाल्यावाचून ती मिळत नाही. असे अर्ज मी वकिलीत अनेकदा चालविले आहेत. म्हणूनच माझा चुलतभाऊ, आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या यूट्यूबवरील व्हिडिओंसंबंधी एका जाहिरात कंपनीने पाठविलेला करारनामा घेऊन आला, तेव्हा त्यातील एका कलमाने मी अस्वस्थ झालो. मुलीचे सर्व व्हिडिओ कंपनीला कायमचे वापरता यावेत, पूर्वी प्रसिद्ध झालेला एकही काढून टाकू नये, आणि मोबदला वडिलांच्या खात्यात जमा व्हावा, असा त्याचा मजकूर होता. मुलगी शेजारीच बसली होती. तिला विचारले, तर म्हणाली, "काका, दात पडल्यावर मी रडते ना, तो व्हिडिओ काढायला सांगा. वर्गातली मुलं तसंच रडून दाखवतात."

"दादा, सगळ्यांत जास्त तोच चाललाय," भाऊ हलकेच म्हणाला.

बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन कलावंत मुलांना सवलत मिळाली, आणि पुढील वर्षीच्या नियमांनी तिला अटी घातल्या: दिवसाकाठी ५ तासांहून अधिक काम नको, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मुलाच्या इच्छेविरुद्ध काही करवून घेऊ नये, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत, तो सज्ञान होईपर्यंत राहावा. परंतु बापानेच घरात मोबाइलवर चित्रीकरण केले, म्हणजे कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची जी मुभा त्याच कायद्यात आहे, तिचा आडोसा सहज घेता येतो. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकाचीच संमती मागतो. जेथे पालकच चित्रीकरण करणारा, तेथे त्या संमतीने मुलाचे कसले रक्षण होणार? फ्रान्सने २०२० साली ही उणीव ओळखून, आपले चित्रण काढून टाकण्याची मागणी आईबापांच्या संमतीवाचून करण्याचा अधिकार खुद्द मुलालाच दिला. आपल्याकडे तसा अधिकार यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर पालकांना आग्रहाने सांगतो, की नियम आपल्याला लागू पडतो किंवा नाही याचा काथ्याकूट न करता मुलाच्या नावे खाते उघडावे आणि त्याचा हिस्सा परस्पर तेथेच जमा व्हावा अशी तरतूद करारात घालून घ्यावी. अंगच्या कलेने मुलाने मिळविलेले उत्पन्न आयकरासाठी पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात नाही, तेव्हा हिशेबही स्वतंत्र ठेवावा. वापराला मुदत असावी, आणि मुलाने नको म्हटलेले चित्रण काढण्याचा हक्क राखून ठेवावा. त्या कंपनीने मुदत मान्य केली, हा हक्क मात्र नाकारला. तेव्हा सही करू नकोस, असे मी भावाला स्पष्ट सांगितले.