मशीन वाजलं की हात आवर

निपाणी

चि. ओंकार,


तुझा फोन ठेवला आणि लिहायला बसले. तू इतका रंगात आला होतास की मध्ये बोलायला जागाच मिळेना, आणि काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या. बोनसच्या पैशातून जमिनीतला धातू शोधायचं मशीन घेतलंस, म्हणून दादा कुरकुरत होता. मला त्यात रागवण्यासारखं काही दिसलं नाही. मात्र तुझी शोधायच्या जागांची यादी ऐकून सावध झाले. आधी बेळगावचा किल्ला, मग हलशी, मग वडगाव-माधवपूरकडची मोकळी प्लॉटं, आणि सवड मिळालीच तर आपलं वेदगंगेकाठचं रान. यातली पहिली तीन नावं खोडून टाक.

किल्ल्याचं सांगायलाच नको. आत लष्कर आहे आणि रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय कुदळ मारणं हा सरळ गुन्हा आहे, आणि तिथं 'छंद' म्हणून कुणी ऐकून घेत नाही. वडगाव-माधवपूरला १९७० च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातलं नगर निघालं. आज त्याच्यावर घरं उठलीत. उरलेला तुकडा न् तुकडा म्हणूनच मोलाचा आहे, तो तुझ्या खुरप्यासाठी ठेवलेला नाही.

हलशीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तू म्हणालास, "आत्या, तिथं तर गावकऱ्यांनाच ताम्रपट सापडले होते ना?" सापडले होते. गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळच्या मातीच्या उंचवट्यात. जे. एफ. फ्लीटने ते एकोणिसाव्या शतकात वाचून छापले. पण तू त्यातलं मर्म पाहा. ताम्रपट एक नव्हता, आद्य कदंबांचे अनेक होते आणि ते एकत्र होते. काकुस्थवर्म्याने श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला जमीन दिली, कारण त्याने राजाचा जीव वाचवला होता. पुढच्या राजांनी तीच जमीन त्याच्या वंशातल्यांना पुन्हा लावून दिली. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका जैन घराण्याचा सात-बाराच म्हण ना! हे पत्रे सुटे सुटे मिळाले असते, एक मोडीत, एक परदेशी, एक कुणाच्या देव्हाऱ्यात, तर आपल्याकडे चार राजांची नावं उरली असती आणि ते घराणं हरवलं असतं.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. सापडलेल्या वस्तूपेक्षा ती कुठं, किती खोल आणि कुणाच्या शेजारी पडली होती, हे मोठं. वस्तू तू खिशात घालून आणशील, पण ती जागा मोडली की परत जुळत नाही.

कोल्हापूरचं ब्रह्मपुरीचं उदाहरण तर आपल्या दारातलं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ती तुला शाळेत असताना दाखवली होती. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेकाठी! नुसती मूर्ती भंगारवाल्याकडे मिळाली असती, तर कुणा हौशी साहेबाने विलायतेहून आणली असेल म्हणून सोडून दिली असती. पण आधी प्रा. कुंदणगार आणि मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी त्या टेकाडावर उत्खनन केलं. रोमन वस्तू, विटांची घरं आणि या भागातल्या जुन्या कुर राजांची नाणी त्याच जुन्या वस्तीत निघाली, म्हणून कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून आलेला व्यापार डोळ्यांना दिसला.

कुर राजांची नाणी हे तर तुझ्या मशीनसाठी मोठंच आमिष. शिशाची, जड, एका अंगाला धनुष्यबाण, दुसऱ्या अंगाला टेकडीसारखी चैत्याची खूण आणि झाड. विळिवायकुर, सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर अशी त्यांच्यावर नावं. यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण, हे कोणत्या पोथीत लिहिलेलं नाही. ते ठरलं नाण्यांवरूनच. काही नाण्यांवर दुसऱ्या राजाचा छाप मारलेला आहे आणि त्याच्याखाली पहिल्याची पुसट अक्षरं अजून दिसतात. सिवलकुराने विळिवायकुराची नाणी पुन्हा छापली, गोतमिपुताने दोघांचीही. आता असं नाणं तुला मिळालं आणि आनंदाच्या भरात तू ते चिंच-राखेने घासून लख्ख केलंस, तर पहिलं जाणार ते खालचं पुसट अक्षर.

तू उद्यमबागच्या फौंड्रीत काम करतोस, धातू तुला माझ्यापेक्षा कळतो. तांब्यावरचा हिरवा थर आणि शिशावरचा पांढुरका थर ही घाण नव्हे, ती त्या धातूचीच शेकडो वर्षांत झालेली साल आहे, आणि पुष्कळदा अक्षरं त्या सालीतच उरलेली असतात. म्हणून ना ब्रश, ना लिंबू, ना ॲसिड. माती सुकली की हलकेच झटकायची आणि कागदी पाकिटात ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

मशीनचंही जास्त कौतुक करू नकोस. ते चुंबकीय क्षेत्र खाली सोडतं, धातूत वीज फिरते, तिचा पडसाद परत येतो आणि तुझ्या कानात टुंग. नाण्याएवढ्या वस्तूला वीतभर खोलीपुढं त्याचा फारसा उपयोग नाही. बेळगावची तांबडी जांभ्याची माती लोहाने भरलेली, निपाणीकडची काळी रानंही काही साधी नाहीत, त्यामुळे मशीन उगाच कण्हत राहील. आपल्या रानात तुला मिळेल ते मी आत्ताच सांगते: बैलाच्या नाला, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, बाटल्यांची बुचं, तंबाखूच्या डब्याचं झाकण. नशीब असेल तर व्हिक्टोरियाचा पाव आणा, १९४३ नंतरचा भोकाचा पैसा, फार झालं तर एखादी झिजलेली शिवराई. शिवराई तर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर कितीतरी पिढ्या या भागात चालत राहिली. यावर समाधान मानता आलं तर हा छंद तुझा.

आता मोठं काही लागलं तर? इंग्लंडमधली गोष्ट सांगते. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचा गृहस्थ मशीन घेऊन शेतात गेला, तो मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला. सापडलं रोमन सोनं-चांदी. थोडी नाणी हाताला लागल्यावर पुढं त्याने काय केलं? खोदणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्वाची माणसं आली, तिथली माती बारकाईने उकरली, आणि पंधरा हजारांच्या आसपास नाणीच नव्हेत तर ती ज्या लाकडी पेटीत होती तिच्या खुणा, चांदीची इवली कुलुपं, मध्ये घातलेलं गवत आणि कापडाचे अवशेषसुद्धा हाती आले. लॉजला बक्षीसही भरघोस मिळालं. लोकांना बक्षीस लक्षात राहतं. मला त्याचं थांबणं थोर वाटतं, कारण त्या क्षणी हात आखडणं किती अवघड असेल, याची कल्पना कर.

आपल्याकडे तेवढी सोय नाही, हे कबूल करते. तिथं १९९७ पासून अशा हौशी लोकांच्या वस्तू नोंदवून घेणारी सरकारी योजना आहे. इथं १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा, आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा. आपलं एक रान कागल बाजूला महाराष्ट्रात आणि एक निपाणी बाजूला कर्नाटकात, म्हणजे बांध ओलांडलास की कायदा बदलतो. पहिली पायरी मात्र दोन्हीकडे तीच: जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. जुन्या कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरी कळवायला हवं असं आहे, म्हणजे आज जवळजवळ सगळंच आलं. लपवलं तर हिस्सा जातो आणि तुरुंगही होऊ शकतो. मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. पण सरकारने ते घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग, बस. शिशाच्या नाण्याला असे किती मिळणार! म्हणूनच लोक सोनाराकडे जातात आणि इतिहास मुशीत जातो. कायदा कद्रू आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तो बदलावा म्हणून बोलावं, लिहावं. तोवर मात्र पाळावा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर पाठवण्याचा विचार चुकूनही करू नकोस, कुणी ऑनलाइन कितीही आकडा सांगो.

आकडा सांगणारे येतीलच. रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं 'कंपनीचं नाणं' कोटीला जातं म्हणणारा पहिला येईल. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलं नाही. दुसरा येईल तो जास्त वाईट: मशीन तुमचं, मंत्र आमचा, अमावस्येला गुप्तधन काढू. असल्या माणसाला अंगणातूनच परत पाठव. महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा, दोन्ही कायदे अशा अघोरी प्रकारांवर आहेत, आणि ते का करावे लागले हे तुला वर्तमानपत्रांतून माहीत आहे. गावात मशीन घेऊन हिंडलास तर 'ओंकारला हंडा लागला' ही बातमी तुझ्या आधी दादापर्यंत पोहोचेल. म्हणून दिवसाढवळ्या, शेतमालकाला सांगून, त्याच्या देखत शोध.

तंबाखू निघाल्यावर रान मोकळं असतं, तेव्हा ये. पहिला वळीव पडून गेला की आणखी बरं, माती बसते आणि वरचं उघडं पडतं. फक्त नांगराने आधीच ढवळलेल्या थरात बघायचं. त्याखालच्या घट्ट मातीत, जुन्या विटांत, खापरांच्या गर्दीत मशीन वाजलं तर तिथं खूण करायची, फोटो काढायचा आणि उठायचं. मग मला सांग, आपण दोघं मिळून अर्ज लिहू. एक वही कर. तारीख, गट नंबर, बांधापासून किती पावलं, किती बोटं खोल, आणि शेजारी काय होतं. बुचंसुद्धा लिही. सहा महिने असं लिहून तुला कंटाळा आला नाही, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथं तुला मी स्वतः घेऊन जाईन.

वहिनीला नमस्कार, दादाला सांग मी रागावलेली नाही.

तुझी,
आत्या

ता. क. शेजारच्या काकूंचं जोडवं भांगलणीत खालच्या वाफ्यात पडलंय. मशीनचा श्रीगणेशा तिथूनच करायचा, त्यांना मी शब्द दिलाय.