घरातली गोष्ट
(२ शमुवेल, अध्याय १३ वर आधारित अभ्यास)



काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर प्रार्थनासभा संपल्यावर एक तरुण बहीण मागे थांबली. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. "नवरा मारतो," एवढेच ती म्हणाली. मी तिच्याबरोबर प्रार्थना केली, धीर धरायला सांगितले आणि तिला घरी पाठवले. तीन आठवड्यांनी ती दिसली तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. "विहिरीवर पाय घसरला," ती म्हणाली. त्यानंतर तिने मला कधीच काही सांगितले नाही.

प्रार्थना केली यात चूक नव्हती. पण आज रात्री घरी जायला भीती वाटते का, हा साधा प्रश्नही मी तिला विचारला नाही. ही घरातली गोष्ट आहे, असे मी मनात धरून चाललो होतो. त्या चुकीतून हा अभ्यास लिहिला आहे. पुढे वाचण्यापूर्वी शास्त्रातील वरील अध्याय सर्वांनी मिळून वाचावा.

तामारेभोवतीची माणसे

तामार राजाची मुलगी. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजारी असल्याचे सोंग करतो आणि बाप दावीदच तिला त्याच्यासाठी जेवण करायला पाठवतो. ती स्पष्ट शब्दांत नकार देते, विनवणी करते. अम्नोन ऐकत नाही. अत्याचार केल्यावर तो तिला घराबाहेर काढून दार लावून घेतो. हे अंधाऱ्या वाटेवर कोणा परक्याने केलेले नाही. हे घरात, ओळखीच्या माणसाने, भावाची सेवा करण्याच्या निमित्ताने घडले.

आता इतरांकडे पाहा. योनादाबाने युक्ती सुचवली. नोकराने सांगितल्याप्रमाणे दार लावले. अबशालोमाने बहिणीला घरी ठेवून घेतले, पण गप्प राहायला सांगितले, कारण तो भाऊच होता. दाविदाला फार राग आला, पण त्याने मुलाला जाब विचारला नाही. तामार त्या घरात उदास होऊन राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा खून करवला आणि पुढे ते सारे घराणेच फुटले. दडपलेली गोष्ट दडून राहिली नाही.

अम्नोनाचा दोष अम्नोनाचाच. पण या अध्यायात आपण मंडळीचे लोक स्वतःला कोठे पाहतो? बहुधा अबशालोमाच्या किंवा दाविदाच्या जागी.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे

आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: शारीरिक, लैंगिक, तोंडी व भावनिक, आणि आर्थिक.

शेवटचा प्रकार आपल्या भागात सहज नजरेआड होतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मोळ्या दोघेही बांधतात, पण मुकादमाकडून मिळालेली उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. वीटभट्टीवरही तेच. तिच्या कष्टाचे पैसे दारूत गेले, लेकराच्या औषधालाही तिला हात पसरावा लागला, तर तीही हिंसाच आहे. माहेरी जाऊ न देणे, फोन काढून घेणे, मूल होत नाही म्हणून रोज टोचून बोलणे, लग्न झाले आहे म्हणून जबरदस्ती करणे, हे सारे त्यातच येते.

दारू हे कारण आहे का?

दारूमुळे मार वाढतो, हे खरे. म्हणून व्यसनमुक्तीचे काम चालूच ठेवावे. पण एक विचार करा. तोच माणूस प्यालेला असतानाही मुकादमावर हात टाकत नाही. हात उचलायचा कोठे आणि आवरायचा कोठे हे त्याला कळते. म्हणजे प्रश्न केवळ रागाचा नाही, ही माझ्या हाताखालची आहे या समजुतीचा आहे. न पिणारे, सभेला नियमित येणारे पुरुषही घरात मारतात, हे आपण मान्य केले पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ साली अशा घरांतील एक चक्र मांडले. आधी ताण वाढत जातो, मग मारहाण होते, त्यानंतर माफी, रडणे, गोड बोलणे. काही दिवसांनी पुन्हा ताण. प्रत्येक घरात हे अगदी असेच घडते असे नाही, पण पुष्कळ बहिणी ही कहाणी लगेच ओळखतात. आपली आणि त्या बंधूची भेट बहुधा माफीच्या दिवसांतच होते. त्याचे अश्रू पाहून आपण समेट करून देतो आणि चक्र पुढे फिरते.

जक्कयाचा पश्चात्ताप लूककृत शुभवर्तमानात आहे. त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. खरा पश्चात्ताप कृतीत दिसतो. तो बंधू बायकोला दोष न देता स्वतःची चूक कबूल करतो का? ती काही दिवस दूर राहिली तर ते मान्य करतो का? तिची मजुरी तिच्या हातात देतो का?

ती निघून का जात नाही?

हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. ती जाणार कोठे? लेकरे कोणाकडे ठेवणार? ज्या समाजांत देज देण्याची रीत आहे तेथे मुलगी परत आली की देज परत करण्याचा प्रश्न माहेरासमोर उभा राहतो. शिवाय घर सोडण्याची वेळ हीच अनेकदा सर्वांत धोक्याची असते, कारण तेव्हा ताबा सुटतो आहे हे नवऱ्याच्या लक्षात येते.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के. म्हणून एखादी बहीण सभेनंतर मागे थांबते, तेव्हा ती फार मोठे धाडस करून थांबलेली असते.

आपण काय करावे?

१. ऐकावे व विश्वास ठेवावा. "तू काय केलेस?" असे विचारू नये. शक्य तर पाळकीणबाई किंवा महिला संघातील विश्वासू बहिणीने एकांतात बोलावे.

२. आज घरी जाणे सुरक्षित आहे का, हे विचारावे. नवऱ्याला लगेच समोर बोलावू नये. त्याच्यासमोर ती खरे बोलू शकणार नाही आणि घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागेल.

३. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात न्यावे व ती कशी झाली याची नोंद करून घ्यावी.

४. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. 'सखी' वन स्टॉप सेंटर व संरक्षण अधिकारी यांचा पत्ता मंडळीच्या वहीत लिहून ठेवावा.

५. हा कायदा आदिवासी बहिणींनाही लागू आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, त्यामुळे काहींचा येथे गोंधळ होतो. खर्चाअभावी लग्नविधी न करता नवरा-बायकोप्रमाणे एकत्र राहणारीलाही या कायद्याखाली दाद मागता येते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना व अनुसूचित जमातींना वकिलाची मदत मोफत मिळते.

६. १८ वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेथे "घरातले माणूस आहे" ही सबब चालत नाही.

क्षमा करायची की नाही, हे त्या बहिणीने देवासमोर, आपल्या वेळेने ठरवायचे आहे. क्षमा केली म्हणून त्याच घरात परत राहिलेच पाहिजे, असा अर्थ आपण लावू नये. पतींसाठी पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात इशारा आहे: पत्नीला मान न देणाऱ्याच्या प्रार्थनांत अडथळा येतो. हा इशारा पुरुषांच्या सभेत कितीदा शिकवला जातो?

चर्चेसाठी प्रश्न

१. दाविदाने राग येऊनही काही केले नाही. त्याला कशाने अडवले असेल? आपल्याला कशाने अडवले जाते?
२. आपल्या मंडळीत एखाद्या बहिणीने कोणाकडे जावे, हे तिला ठाऊक आहे का?
३. एखादी रात्र तिला व लेकरांना आसरा देऊ शकेल असे घर आपल्यात कोणते आहे?

प्रार्थना विषय

गप्प राहिलेल्या बहिणींसाठी, घरात भीतीने वाढणाऱ्या लेकरांसाठी, हात उचलणाऱ्या बंधूंच्या खऱ्या पश्चात्तापासाठी. आणि ऐकून घेणारे कान आपल्याला मिळावेत म्हणून. ती बहीण आजही त्याच पाड्यावर आहे. तिने पुन्हा कोणावर तरी विश्वास ठेवावा, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.